पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ कसा वाचायचा : खारपाणपट्ट्यातल्या भूभौतिक सर्वेक्षणाची सविस्तर कृती

सातपुड्यातल्या गाविलगड डोंगररांगेचा उतार जिथे संपतो तिथून दक्षिणेला पूर्णा नदीने आणि तिच्या उपनद्यांनी भरून काढलेला एक मोठा खोलगट पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात चार-दोन परस मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. इथे तसं नाही. बेसॉल्ट खाली खचलेला आहे आणि त्यावर माती, रेती, गोटे यांचे थर एकावर एक बसले आहेत. काही ठिकाणी ही जाडी ३०० मीटरच्याही पुढे जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांची पट्टी आहे, तिला बाजाडा म्हणतात, तिथे नाल्यांचं पाणी वाहता वाहता जिरतं आणि ते गोडं असतं. तिथून नदीकडे निघालं की अकोट, तेल्हारा, दर्यापूरच्या दक्षिणेला खारं पाणी सुरू होतं. हाच खारपाणपट्टा.

एवढ्या मोठ्या जलधराचा (पाणी धरून ठेवणाऱ्या थरांचा) अभ्यास फक्त बोअर मारून करणं परवडत नाही. म्हणून जमिनीच्या वरून मोजमाप करून आतला अंदाज घ्यायचा. पण या खोऱ्यात एक अडचण इतकी मूलभूत आहे की तिच्याभोवतीच सगळं सर्वेक्षण आखावं लागतं. खाऱ्या पाण्याने भरलेली रेती आणि चिकणमाती, दोन्ही विजेला जवळपास सारख्याच वाटतात. ही गोष्ट आधी लक्षात न घेता काढलेले सुंदर रंगीत नकाशे पुढे बोअर वाया घालवतात.

घरी बसून करायचं गणित

यंत्र गाडीत टाकण्याआधी एक ईसी मीटर घेऊन विहिरी आणि बोअर फिरा. प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी, बोअरची खोली, केसिंग किती फुटांपर्यंत आहे आणि पाण्याची विद्युतवाहकता (ईसी) लिहून घ्या. तारीख टाकायला विसरू नका. मे महिन्यातली पातळी आणि दिवाळीनंतरची पातळी एकाच नकाशावर लावली तर पाण्याची दिशाच उलटी दिसू शकते.

आता ईसीवरून पाण्याची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा विरोध, काढा. १०,००० ला ईसीने (मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर) भागलं की उत्तर ओहम-मीटरमध्ये येतं. ईसी ८०० असलेलं गोडं पाणी म्हणजे १२.५ ओहम-मीटर. ईसी ८,००० असलेलं खारं पाणी म्हणजे १.२५. स्वच्छ, सुट्या रेतीची रेझिस्टिव्हिटी ढोबळमानाने तिच्यातल्या पाण्याच्या चौपट धरा. मग गोड्या पाण्याची रेती ५० च्या आसपास येते, खाऱ्या पाण्याची रेती ५ च्या. आणि चिकणमाती? तीही ५ ते १० च्या घरातच असते, खारी असेल तर २-३ पर्यंत उतरते.

हे गणित आपल्या भागातल्या खऱ्या ईसीने करून पाहा. त्यातून कळतं की रेझिस्टिव्हिटी २० च्या वर आली तर गोड्या पाण्याची रेती किंवा गोटे असण्याची चांगली आशा आहे. ५ च्या खाली आली तर तो थर पिण्याच्या कामाचा नाही, मग तो रेती असो वा माती. मधल्या ५ ते २० च्या पट्ट्यात मात्र निकाल देता येत नाही. तिथे गढूळ रेती, मचूळ पाणी, गोडी माती, काहीही असू शकतं. सर्वेक्षणाचा पैसा आणि वेळ याच मधल्या पट्ट्यावर खर्च व्हायला हवा.

रेषा कुठे टाकायच्या

खोरं पूर्व-पश्चिम लांब आहे आणि बदल उत्तर-दक्षिण होतात. म्हणून मुख्य रेषा पायथ्यापासून नदीपर्यंत काढा. अकोला जिल्ह्यात पोपटखेडच्या बाजूने निघून अकोटवरून गांधीग्रामजवळ पूर्णेच्या पात्रापर्यंत आलं तर पस्तीस-चाळीस किलोमीटरची एकच रेषा बाजाडा, संक्रमण आणि खारपाण असे तीनही भाग कापते. अशा दोन-तीन समांतर रेषा, त्यांच्यात आठ-दहा किलोमीटरचं अंतर, ही पहिल्या फेरीची आखणी. रेषेवर दर दोन-तीन किलोमीटरला एक ठिकाण पुरतं. जिथे गोडं संपून खारं सुरू होतं असं ईसीवरून दिसतं तिथे मात्र ५०० मीटरवर या.

पायथ्याच्या वर मेळघाटचं जंगल लागतं. तिथे तारा पसरण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी लागतेच. शेतात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारणं हाही कामाचाच भाग आहे, कारण कुठे किती हातांवर कोणतं पाणी लागलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

हंगाम निवडताना काळ्या मातीचा विचार करा. पावसाळ्यात गाडी रुतते. उन्हाळ्याच्या शेवटी जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडला मातीचा स्पर्शच नीट होत नाही. कपाशीची शेवटची वेचणी आणि हरभऱ्याची काढणी झाली की साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं मोकळी असतात आणि वीतभर खाली ओल टिकून असते. तो काळ सर्वांत बरा.

शलंबर्झे पद्धतीचं खोल मोजमाप

चार इलेक्ट्रोड एका सरळ रेषेत असतात. बाहेरच्या दोघांतून (ए, बी) वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोघांत (एम, एन) विद्युतदाब मोजायचा. मध्यबिंदू तोच ठेवून बाहेरचे लांब लांब नेत जायचे. सामान असं: रेझिस्टिव्हिटी मीटर, चार रिळं चांगल्या वेष्टनाची तार, ६०-७५ सेंटिमीटरच्या पोलादी खुंट्या, घण, वॉकीटॉकी, मल्टिमीटर, भरलेल्या बॅटऱ्या आणि मिठाच्या पाण्याचे कॅन. माणसं सहा.

तारेची दिशा पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे खोऱ्याला समांतर. उत्तर-दक्षिण ठेवली तर एक टोक गोट्यांत आणि दुसरं मातीत जाऊन वक्र (अंतरानुसार रेझिस्टिव्हिटीचा आलेख) बिघडतो.

मध्यापासून बाहेरच्या इलेक्ट्रोडचं अंतर (एबी भागिले दोन) असं वाढवा: २, ३, ४, ६, ८, १०, १५, २०, ३०, ४०, ५०, ६०, ८०, १००, १५०, २००, २५०, ३००, ४००, ५००, ६०० मीटर. एमएनचं अर्ध अंतर ०.५, मग २, मग १०, मग ४० मीटर. एमएन बदलताना दोन अंतरांवर जुन्या आणि नव्या, दोन्ही मांडणींनी वाचन घ्या. दोन तुकडे थोडे वरखाली आले तर चालतं, वरच्या थरातल्या स्थानिक फरकामुळे ते होतं आणि नंतर सरकवून जुळवता येतात. पण त्यांचा उतारच वेगळा आला तर कुठेतरी चूक आहे, तिथेच थांबून शोधा.

सूत्र सोपं आहे. एबी-अर्धाच्या वर्गातून एमएन-अर्धाचा वर्ग वजा करा, पूर्ण एमएनने भागा, ३.१४ ने गुणा. हा झाला गुणक. त्याला दाब भागिले प्रवाह याने गुणलं की भासमान रेझिस्टिव्हिटी, म्हणजे सगळ्या थरांची मिळून वरून भासणारी, मिळते. एबी-अर्ध १०० आणि एमएन-अर्ध १० मीटरसाठी गुणक येतो १,५५५. ४०० आणि ४० साठी ६,२२०.

याच ठिकाणी खारपाणपट्ट्याची खरी अडचण डोळ्यांना दिसते. समजा ४०० मीटरवर भासमान रेझिस्टिव्हिटी ३ ओहम-मीटर आहे आणि तुम्ही २०० मिलिअँपिअर सोडत आहात. मोजायला मिळणारा दाब ०.१ मिलिव्होल्टच्याही किंचित खाली येतो. जमिनीचा स्वतःचा दाब मात्र कित्येक मिलिव्होल्ट असतो आणि तो हलत राहतो. अशा वेळी मीटरवर जो आकडा दिसतो तो जमिनीचा नसतो, तो गोंगाट असतो. उपाय म्हणजे प्रवाह १ अँपिअरच्या पुढे नेणं. त्यासाठी प्रत्येक टोकाला एकाऐवजी चार-पाच खुंट्या, एकमेकींपासून मीटरभर दूर ठोकून तारेने जोडा, बुंध्याशी मिठाचं पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. एमएनच्या खुंट्यांना मात्र मीठ घालू नका. तिथे साधं पाणी पुरे, नाहीतर दाब सरकत राहतो. प्रत्येक अंतरावर निदान आठ-दहा आवर्तनांची सरासरी घ्या आणि फरक ३ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाचन पुन्हा.

दिवसातून दोनदा गळतीची तपासणी हवीच. बीची खुंटी उपटून तार हवेत धरा आणि प्रवाह सोडा. मीटरवर शून्य यायला हवं. काही मिलिअँपिअर दिसले तर बाभळीच्या काट्याने नाहीतर कुदळीने तारेचं वेष्टन फाटलं आहे आणि वीज मधूनच जमिनीत जाते आहे. ओल्या गवतात हे हमखास होतं. लांब अंतरावरची वाचनं कारण नसताना वर-खाली पळतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

गोंगाटाचे उगमही ओळखून ठेवा. डीपी, शेतपंपाच्या थ्री-फेज लाइनी, तारेची कुंपणं, जुने लोखंडी पाइप. रानडुकरांसाठी लावलेलं सौर झटका मशीन दर सेकंदाला साधारण एक ठोका देतं आणि वाचनात तेच ठोके दिसतात. मालकाला विचारून तासभर बंद ठेवायला सांगा. लाइट नसलेली वेळ साधता आली तर वाचनं फारच स्वच्छ येतात.

"एबी-अर्ध जेवढं, तेवढी खोली" हा समज सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि इथे तर घातक आहे. वीज सोप्या वाटेने जाते. वरचा खारा थर चांगला वाहक असल्याने बहुतेक प्रवाह त्यातच घोटाळतो आणि खाली उतरतच नाही. २०० मीटर जाडीचा, सरासरी ४ ओहम-मीटरचा गाळ असेल तर खालचा पाषाण वक्रात स्पष्ट दिसायला एबी-अर्ध १,००० मीटरपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे दोन किलोमीटर तार, रस्ते आणि नाले ओलांडून. म्हणून शलंबर्झे वरच्या शंभर-दीडशे मीटरसाठी आणि बाजाडा पट्टीसाठी ठेवा, तळ शोधायचं काम दुसऱ्या पद्धतींना द्या.

टीईएम : खाऱ्या जमिनीतली हक्काची पद्धत

टीईएम म्हणजे ट्रान्झियंट इलेक्ट्रोमॅग्नेटिक पद्धत. यात खुंट्या ठोकायच्या नसतात. जमिनीवर १०० मीटर बाजूचा तारेचा चौरस टाकायचा, त्यातून ५-१० अँपिअर प्रवाह सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. प्रवाह तुटताच जमिनीत वर्तुळाकार प्रवाह जन्मतात आणि धुराच्या वेटोळ्यासारखे खाली पसरत विरतात. मध्यभागी ठेवलेली कॉइल ते विरणं मोजते. वाहक जमिनीत हे प्रवाह जोरकस असतात, म्हणून शलंबर्झे जिथे हात टेकते तिथे टीईएम चांगली चालते.

किती वेळ मोजायचं ते आधी काढा. वेळ (सेकंदात) आणि रेझिस्टिव्हिटीचा गुणाकार करून वर्गमूळ काढा आणि १,२६० ने गुणा, अंदाजे खोली मीटरमध्ये मिळते. ३ ओहम-मीटरच्या गाळात २१८ मीटरपर्यंत पोचायला १० मिलिसेकंद लागतात. ३० ओहम-मीटरच्या गोट्यांत तेवढ्याच खोलीला १ मिलिसेकंद पुरतो. बाजाडा पट्टीतली मांडणी जशीच्या तशी खारपाणात वापरली की खालचा भाग मोजलाच जात नाही, आणि संगणक तरीही तिथे रंग भरतो. अहवालात खोलीची मर्यादा रेष काढून दाखवा. तिच्या खालचं काही छापू नका.

प्रत्येक ठिकाणी प्रवाह बंद ठेवून एक गोंगाटाचं वाचन घ्या. सिग्नल त्या पातळीला भिडला की पुढचे बिंदू काढून टाका. उच्चदाबाच्या तारांपासून निदान २००-३०० मीटर आणि लोखंडी कुंपणापासून चौरसाच्या एका बाजूएवढं दूर राहा. ठिबकच्या प्लास्टिक नळ्यांनी काही बिघडत नाही, जीआय पाइपने सगळंच बिघडतं. विरण्याचा वक्र मध्येच फुगला किंवा त्याचं चिन्ह उलटलं तर ते जमिनीतलं नवल समजू नका, जवळच्या धातूचं काम आहे. चौरस सरकवून पुन्हा मोजा.

टीईएमला वरचे आठ-दहा मीटर नीट दिसत नाहीत आणि जास्त रेझिस्टिव्हिटीचा पातळ थर दिसतच नाही. म्हणजे खाऱ्या मातीत अडकलेला पाच मीटरचा गोड्या रेतीचा पट्टा ती गाळून टाकेल. म्हणूनच त्याच मध्यबिंदूवर एबी-अर्ध १५० मीटरपर्यंतचं शलंबर्झेही घ्या आणि दोन्ही वक्र एकाच प्रारूपात (थरांच्या संगणकी मांडणीत) बसवा.

हेलिकॉप्टरला चौरस टांगून हेच मोजमाप हवेतूनही करतात. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) यांनी देशात सहा ठिकाणी त्याचे पथदर्शी प्रयोग केले, त्यात नागपूर जिल्ह्यातलं चंद्रभागा पाणलोट होतं. दर्यापूरची चंद्रभागा वेगळी, नावावरून गफलत होऊ देऊ नका.

पाषाणाचा तळ

तळ शोधायला दोन स्वस्त मार्ग आहेत. पहिला, जमिनीच्या नैसर्गिक कंपनांचा. तीन दिशांचा भूकंपमापक ठेवून ४० मिनिटं ते तासभर नोंद करा आणि आडव्या-उभ्या कंपनांचं गुणोत्तर काढा. मऊ गाळ आणि कठीण बेसॉल्ट यांच्यात फरक मोठा असल्याने एका वारंवारितेवर टोक येतं. गाळातला आडव्या लहरींचा वेग भागिले वारंवारितेच्या चौपटीने खोली मिळते: ४०० मीटर प्रति सेकंद आणि ०.५ हर्ट्झ म्हणजे २०० मीटर. साधे ४.५ हर्ट्झचे जिओफोन इथे निकामी आहेत, ०.२ हर्ट्झपर्यंत ऐकणारा मापक लागतो. वरची भेगाळलेली माती खरवडून घट्ट जागी ठेवा, झाडापासून आणि ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर. वेग मात्र पुस्तकातून उचलू नका. पाषाण किती खोल आहे हे माहीत असलेल्या दोन-तीन बोअरांपाशी मोजून तो ठरवा.

दुसरा मार्ग गुरुत्वाचा. गाळ हलका, बेसॉल्ट जड. घनतेत ०.८ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरचा फरक धरला तर ३०० मीटर गाळामुळे गुरुत्व सुमारे १० मिलिगॅलने (हे गुरुत्व मोजायचं एकक) कमी भरतं, जे आजच्या यंत्रांना सहज दिसतं. अडचण उंचीची असते. १० सेंटिमीटरची चूक ०.०२ मिलिगॅलची चूक करते, म्हणून डीजीपीएसशिवाय (उंची अचूक सांगणाऱ्या जीपीएसशिवाय) हे काम करू नका. पायथ्याजवळ सातपुड्याच्या वस्तुमानाची भूरूप-दुरुस्ती (डोंगराच्या ओढीची वजावट) न केल्यास गाळ तिथे उगाच जाड दिसतो.

बोअरची नोंद : सगळ्याची कसोटी

पहिल्या फेरीच्या निकालावरून दोन-तीन जागी शोधबोअर घ्यावीच लागते. गाळात हवेच्या दाबाचं डीटीएच यंत्र चालत नाही, भिंती ढासळतात. चिखल फिरवणारं रोटरी यंत्र लागतं. दर ३ मीटरला नमुना घ्या, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. चिखलासोबत बारीक माती वाहून जाते आणि वर येणारा नमुना खऱ्यापेक्षा रेताड दिसतो.

छेद पूर्ण होताच, केसिंग घालण्याआधी, काही तासांत लॉगिंग, म्हणजे छेदात यंत्र उतरवून खोलीनुसार नोंद, झालं पाहिजे. १६ इंची आणि ६४ इंची नॉर्मल रेझिस्टिव्हिटी, स्वयंदाब (एसपी) आणि गॅमा (थरातला नैसर्गिक किरणोत्सर्ग), एवढे चार वक्र घ्या. खाऱ्या रेतीचा आणि मातीचा गुंता इथेच सुटतो. चिखल गोड्या पाण्यात कालवला असेल तर खाऱ्या रेतीसमोर एसपीचा वक्र मातीच्या रेषेपासून डावीकडे ठळक सरकतो, मातीसमोर तो सरळ राहतो. दोन्हींची रेझिस्टिव्हिटी ४, पण एसपीवरून कोणती कोण ते कळलं. म्हणून चिखलासाठी कोणत्या विहिरीचं पाणी आणलं आणि त्याचा ईसी किती, हे लॉगच्या माथ्यावर लिहिलंच पाहिजे. गॅमाचा उपयोगही होतो, पण इथली माती बरीचशी बेसॉल्टची झीज असल्याने तिच्यात पोटॅशियम कमी, त्यामुळे रेती-मातीतला फरक ठळक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

उलगडा करताना

२० मीटरचा ४ ओहम-मीटरचा थर आणि १० मीटरचा २ ओहम-मीटरचा थर वक्रात सारखेच दिसतात, कारण जाडी भागिले रेझिस्टिव्हिटी दोन्हीकडे ५ च येते. संगणक यातलं एक उत्तर निवडतो आणि ठामपणे छापतो. म्हणून बोअरवरून माहीत असलेली जाडी किंवा रेझिस्टिव्हिटी प्रारूपात बांधून घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी निदान तीन-चार वेगळ्या सुरुवातींनी उलगडा करून पाहा. प्रत्येक वेळी टिकून राहतात तेवढेच थर नकाशावर घ्या.

मुख्य छेदावर तीन रेषा काढा: पाषाणाचा तळ, २० ओहम-मीटरची रेष, ५ ओहम-मीटरची रेष. मधल्या पट्ट्याला वेगळी छटा द्या आणि तिथे "अनिश्चित" असा शब्द लिहा. ग्रामपंचायतीला दाखवायचा नकाशा असेल तर ईसीची भाषा वापरा. ईसीला ०.६५ ने गुणलं की विरघळलेले क्षार मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ढोबळ कळतात. भारतीय मानकात पिण्यासाठी ५०० स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं, म्हणजे ईसी सुमारे ३,००० ही वरची हद्द.

बोअर पक्की करताना जाळीचा पाइप फक्त लॉगमध्ये गोडा दिसलेल्या थरासमोर बसवा. खाऱ्या थरासमोर सलग केसिंग आणि त्याच्या वर-खाली निदान तीन-तीन मीटर चिकणमातीच्या गोळ्यांची किंवा सिमेंटची बुच हवी. सगळ्या छेदात वरपासून खालपर्यंत खडी ओतली तर ती खडीच खाऱ्या पाण्याची वाट बनते, आणि दोन-तीन हंगामांत शेजारच्या गोड्या बोअरचा ईसीही चढू लागतो. पंप बसल्यावर पहिलं वर्षभर दर महिन्याला एकाच वेळी, पंप अर्धा तास चालवून, ईसी नोंदवा. तो सलग चढत असेल तर खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आहे. उपसा निम्म्यावर आणा आणि पुढची बोअर उत्तरेकडे, बाजाड्याच्या बाजूला सरकवा.